बडोद्यात बसून आफ्रिकेतलं लेकरू शोधायचं तर : रेडक्रॉसच्या शोधसेवेचा लेखाजोखा

रेडक्रॉस म्हटलं की बडोदेकराला रक्तदान आठवतं, प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट आठवतं. याच संस्थेची आणखी एक सेवा आहे आणि ती दीडशे वर्षांहून जुनी आहे : युद्धात, पळापळीत ताटातूट झालेल्या नातेवाइकांना एकमेकांचा पत्ता लावून देण्याची. अधिकृत नाव ‘रिस्टोरिंग फॅमिली लिंक्स’, कागदोपत्री ‘आरएफएल’, आणि तिथले जुने लोक नुसतं ‘ट्रेसिंग’ म्हणतात. फोन करताना यातलाच एखादा शब्द वापरा. ‘हरवलेलं मूल शोधायचंय’ एवढंच म्हणालात तर समोरचा माणूस साहजिकच पोलिस ठाण्याचा रस्ता दाखवेल.

बडोद्याला याची गरज काय, असं वाटेल. आपल्या शहरातल्या विद्यापीठांत आफ्रिकेतली बरीच मुलं शिकायला असतात आणि मराठी घरांतल्या वरच्या मजल्यांवर भाड्यानेही राहतात. १५ एप्रिल २०२३ला सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये, लढाई पेटली, त्यानंतर सुदानी भाडेकरूच्या तोंडी एकदम वेगळी वाक्यं येऊ लागली : भाऊ गेला, वहिनी गेली, दहा वर्षांचा पुतण्या कुणाबरोबर तरी दक्षिणेकडे निघालाय, फोन बंद आहे. अशा वेळी घरमालकाने, रूममेटने, कॉलेजातल्या मॅडमने नेमकं काय करायचं, त्यासाठी हा लेख. सेवेबद्दलचं मत आधीच सांगून टाकतो : फुकट आहे, भरवशाची आहे, मंद आहे. आणि तिचा निकाल फॉर्मवर जेवढा अवलंबून असतो तेवढा दुसऱ्या कशावर नसतो.

भारतात हे काम इंडियन रेडक्रॉस सोसायटी आणि नवी दिल्लीतली आयसीआरसीची, म्हणजे रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीची, कचेरी यांच्यामार्फत चालतं. समितीच्या ‘फॅमिली लिंक्स’ या संकेतस्थळावर देशवार संपर्क दिलेले आहेत. अर्ज मात्र नातेवाइकानेच करायचा. शेजारी, मित्र, घरमालक, कितीही कळवळा असला तरी अर्जदार होऊ शकत नाहीत. तुम्ही इंग्रजीची मदत करा, झेरॉक्स काढून द्या, चहा पाजा, बोलायचं त्याने.

मुलाखतीला तासभर धरून चला. सेव-उसळची प्लेट गार व्हायच्या आत उरकेल असं हे काम नाही. हरवलेल्याचं नाव, आईवडिलांची नावं, जन्म, गाव, शेवटचा संपर्क कधी, कुठे, कोणत्या परिस्थितीत, बरोबर कोण होतं, हे सगळं विचारतात. प्रत्येक रकान्यात एक खड्डा आहे.

पहिला खड्डा आडनावाचा. सुदान, सोमालिया, इथिओपिया इथल्या बहुतेकांना आपल्यासारखं आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं, अशी साखळी असते. मराठी आणि गुजराती माणसाला हे चटकन कळायला हवं, कारण आपलंही मधलं नाव वडिलांचंच. गडबड अशी होते की फॉर्मवर ‘सरनेम’ दिसलं की भाडेकरू तिथे आजोबांचं नाव टाकतो आणि तिकडे निर्वासितांच्या छावणीत त्याच मुलाच्या नोंदीत वडिलांचं नाव आडनाव म्हणून चढलेलं असतं. दोन कागद, एकच पोर, आणि जुळत नाही. म्हणून रकान्याची फिकीर न करता चारही नावं क्रमाने लिहायची : मुलगा, बाप, आजा, पणजा. अरबीतून रोमनमध्ये येताना मोहम्मदच्या स्पेलिंगचे पाच-सहा प्रकार होतात, ओ की यू, एक एम की दोन, शेवटी ए की ई. तेही सगळे द्या. घरातलं हाकेचं नाव तर हमखास द्या. लहान मूल नोंदणीच्या टेबलापाशी तेच सांगतं. घानाकडचं प्रकरण असेल तर ‘कोफी’ म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा, एवढाच त्याचा अर्थ. नुसत्या कोफीवर शोध लावणं म्हणजे मांडवीत उभं राहून ‘ओ भाऊ’ म्हणून हाक मारणं.

दुसरा खड्डा नात्यांचा, आणि इथे मराठी माणूस खरोखर कामाला येतो. फॉर्म इंग्रजीतला, त्यात ‘अंकल’ आणि ‘आंटी’. मुलगा छावणीत सांगतो, अंकलकडे जायचंय. कोणता अंकल? स्वाहिलीत आईचा भाऊ तो ‘म्जोंबा’, वडिलांचा धाकटा भाऊ ‘बाबा म्दोगो’, वडिलांची बहीण ‘शांगाझी’, आईची धाकटी बहीण ‘मामा म्दोगो’. म्हणजे सरळ मामा, काका, आत्या, मावशी. अरबीत काका ‘अम्म’, मामा ‘खाल’, आत्या ‘अम्मा’ आणि मावशी ‘खाला’. यातली खाला तर आपल्या कानावरची आहे. मुलाने स्वतःच्या भाषेत अगदी नेमकं सांगितलेलं असतं; इंग्रजीत येताना ते वितळतं. म्हणून भाडेकरूला शेजारी बसवून आधी मराठी पद्धतीने नात्याचं झाड काढायचं, कोण कुणाचा कोण, आणि मग फॉर्मवर ‘आईचा थोरला भाऊ’, ‘वडिलांची चुलत बहीण’ असं फोडून लिहायचं. चुलतभावाला सख्ख्यासारखा ‘भाऊ’ म्हणण्याची पद्धत तिकडेही आहे, इकडेही आहे. तीही तिथेच सोडवून टाकायची. माझ्या मते अख्ख्या फॉर्मात सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. नावाची स्पेलिंगं दहा ठिकाणी दहा होतात. ‘थोरल्या मामाच्या घरी राहायचा, आजी आंधळी होती, आत्या शाळेत शिकवायची’ हे कुठल्याही छावणीत गेलं तरी बदलत नाही.

तारखांचा खड्डा वेगळाच. निर्वासितांच्या कार्डांवर १ जानेवारीला जन्मलेले लोक ढिगाने सापडतात; खरी तारीख माहीत नसली की तीच टाकतात. तेव्हा ती तारीख पुरावा म्हणून धरू नका. इथिओपियाचं पंचांग तर आपल्या इसवीपेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. तेरा महिने असतात, बारा तीस दिवसांचे आणि शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा, आणि नवं वर्ष सप्टेंबरात. तिथल्या मुलाने ‘जन्म २००७’ सांगितलं तर आपल्या हिशेबाने तो सप्टेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१५ मधला. २००७ तसंच इसवी म्हणून चढवलं की २०२५मध्ये अकरा वर्षांचं पोर कागदावर अठरा वर्षांचं होतं आणि मुलांच्या यादीतून थेट बाहेर जातं. पाडव्याला एक नवं वर्ष आणि दिवाळीनंतर दुसरं करणाऱ्या शहराला हा घोळ समजावून सांगायला नको. फॉर्मवर वर्षाशेजारी ‘इथिओपियन’ एवढं लिहिलं तरी भागतं. वेळेचंही तसंच. स्वाहिली आणि इथिओपियन घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. ‘सकाळी दोनला ट्रक निघाला’ म्हणजे आपले आठ.

आता ‘अनाथ’ या शब्दाबद्दल. फॉर्मवर तो घाईने लिहू नका. एकटं सापडलेलं मूल अनाथ असतंच असं नाही, आणि या क्षेत्रात काम करणारे लोक तीन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवतात : कुणीच मोठं बरोबर नसलेलं मूल, आईवडिलांपासून तुटलेलं पण एखाद्या नातेवाइकाबरोबर असलेलं मूल, आणि आईवडील दोघंही गेल्याचं पक्कं झालेलं मूल. आयसीआरसी, युनिसेफ, यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) आणि आणखी तीन संस्थांनी जानेवारी २००४मध्ये मिळून जी तत्त्वं छापली, त्यांत ही फोड आहे. कारण अनुभव तसा आहे. १९८७पासून दक्षिण सुदानातली सुमारे वीस हजार मुलं, बहुतेक मुलगेच, पायी इथिओपियात गेली. मे १९९१मध्ये तिथलं सरकार कोसळलं तशी ती गिलो नदी ओलांडून परत पळाली आणि १९९२मध्ये केनियातल्या काकुमाच्या निर्वासित छावणीत पोहोचली. जगाने त्यांना सरसकट अनाथ म्हटलं. पुढे त्यांच्यातल्या काहींना आईवडील जिवंत असल्याचं कित्येक वर्षांनी कळलं. एकदा ‘अनाथ’ लिहिलं की आईबापांचा शोध घेण्याची निकड कमी होते, एवढं साधं गणित आहे. भाडेकरूने भावाचा मृत्यू स्वतः पाहिलाय, कुणी सांगितलाय, की अंदाज आहे? जे असेल ते, तसंच लिहा.

इथेच एक सूचना. अशी हकिगत ऐकली की कुणीतरी कनवाळू माणूस ‘आपण दत्तक घेऊ या’ म्हणतोच. १८७५ साली कवळाण्याहून आणलेला मुलगा दत्तक जाऊन सयाजीराव झाला, त्या गावात हे सुचणं स्वाभाविक आहे. पण संकटाच्या काळात दत्तकविधान नको, आधी घरच्यांचा शोध, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे. ही सेवा दत्तक देत नाही. पैसे पोहोचवत नाही, व्हिसा मिळवून देत नाही, वारसाहक्काची भांडणंही सोडवत नाही.

मूल ज्या बाजूला आहे तिकडे काय चालतं, ते माहीत असलं तर इथला फॉर्म जास्त शहाणपणाने भरता येतो. खार्तूमहून दक्षिणेला निघालेलं पोर बहुधा कोस्ती, मग सीमेवरचं जोडा, मग दक्षिण सुदानातलं रेंक या वाटेने येतं. रेंकहून नाईलमधल्या बोटीने मलकाल, पुढे जुबा. खार्तूम ते जुबा सरळ रेषेत मोजलं तरी बाराशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बडोदा-दिल्ली रेल्वेने जेवढं पडतं त्याहून जास्त. जुबाच्या पुढे निमुले आणि पलीकडे युगांडातलं एलेगू. पश्चिम सुदानातल्या दारफूरमधलं असेल तर दिशाच वेगळी : एल जनेनाहून सीमा ओलांडून चाडमधलं आद्रे. आणखी खाली, झिम्बाब्वेकडून लिंपोपो ओलांडून दक्षिण आफ्रिकेत शिरणाऱ्या एकट्या मुलांचा थांबा मुसिना. या थांब्यांवर नोंद होते, आणि दर थांब्यावर नाव थोडं थोडं बदलत जातं. काही ठिकाणी रेडक्रॉसचे कार्यकर्ते टेबल टाकून बसतात, काही मिनिटांचा फुकट फोन लावून देतात, मोबाइल चार्ज करून देतात. पाठ असलेला एक नंबर अशा जागी सोन्याच्या मोलाचा ठरतो. भाडेकरूचा भारतीय नंबर मुलाला पाठ असण्याची शक्यता शून्य. म्हणून पूर्वी घरात जो जुना नंबर वापरात होता, तो बंद पडला असला तरी फॉर्मवर लिहायचा. मूल तोच सांगणार.

नाव न सांगता येण्याइतकं लहान मूल असेल तर फोटोवर काम चालतं. रवांडात १९९४च्या वंशसंहारानंतर हेच केलं : चिमुरड्यांचे फोटो काढून छावण्यांत, गावांत लावले, आल्बम करून फिरवले, आणि ओळखणारं माणूस येईपर्यंत थांबले. जरा मोठ्या मुलांना विचारतात ते प्रश्न ऐकण्यासारखे असतात : घरात पाणी कुठून आणायचे, बाजार कोणत्या वारी भरायचा, मशीद की चर्च, नदी घराच्या कोणत्या हाताला, गुरं होती का. गावाचं नाव चुकलं तरी या उत्तरांवरून गाव सापडतं. म्हणजे इकडून फॉर्म भरताना जिल्ह्याच्या नावावर थांबू नका. विहीर, बाजार, शाळेच्या मास्तरचं नाव, सगळं टाका. जागा पुरली नाही तर पुरवणी जोडा.

निरोपाचीही सोय आहे. ‘रेडक्रॉस मेसेज’ म्हणजे एका कागदाचं उघडं पत्र, त्याच्यासोबतच उत्तरासाठी जागा, आणि पोस्ट जिथे पोहोचत नाही तिथे कार्यकर्ते हातोहात नेऊन देतात. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवतात. उघडं असतं ते मुद्दाम. फक्त घरगुती मजकूर चालतो : आम्ही ठीक आहोत, आजी गेली, काका बडोद्याला आहे, तू कुठे आहेस. कुठल्या रस्त्यावर कुणाची चौकी आहे, कोणत्या गटाने काय केलं, असं एक वाक्य असलं तरी पत्र अडतं आणि नेणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा करारातल्या २५व्या कलमात तर लढणाऱ्या पक्षांना वाटलं तर पत्र पंचवीस शब्दांवर आणि महिन्याला एकावर आणायची मुभा आहे. आज सहसा इतकी कात्री लागत नाही, पण पंचवीस शब्दांत लिहून बघायला हरकत नाही. फालतू काय ते लगेच कळतं.

सापडलं तर पुढे काय? पत्ता थेट हातात येत नाही. सापडलेल्याची संमती लागते, आणि ‘मला संपर्क नको’ हेही उत्तर असू शकतं. मुलाच्या बाबतीत दोन्हीकडे स्वतंत्रपणे तेच तेच प्रश्न विचारून नातं पडताळतात. इथे भाडेकरू हमखास एक चूक करतो. मुलाशी फोन झाला की ‘असं विचारतील, असं सांग’ म्हणून पढवतो. पढवलेली उत्तरं दोन मिनिटांत उघडी पडतात आणि खऱ्या काकावर संशय येतो, कारण मुलं पळवणारेही नेमके काकाच बनून येतात. त्याच कारणासाठी मुलाचा फोटो, नाव आणि छावणीचं ठिकाण एकत्र करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका. मदत म्हणून टाकलेली पोस्ट भलत्याच माणसाला आयती माहिती पुरवते.

नातं पक्कं झालं, मूल आणि नातेवाईक दोघांचीही तयारी दिसली, सरकारांची परवानगी मिळाली, की प्रवास. दक्षिण सुदानसारख्या ठिकाणी रस्तेच नसतात तेव्हा समितीच्या छोट्या विमानातून मुलं घरी नेतात. कागदच नसलेल्यांसाठी समितीचा आपत्कालीन प्रवास दाखला आहे, १९४५पासूनचा. तोही फुकट, पण पासपोर्टचा पर्याय नव्हे : एकाच प्रवासापुरता, आणि पोहोचायच्या देशाने आधी ‘घेतो’ म्हटलं असेल तरच. बडोद्यातला विद्यार्थी-काका हा मुलाचा मुक्काम व्हायची शक्यता मात्र कमीच. त्याचा स्वतःचा व्हिसा शिक्षणापुरता असतो. बहुतेक वेळा त्याच्यामार्फत तिकडचीच दुसरी कुणीतरी, कंपालातली आत्या वगैरे, गाठली जाते. भाडेकरूला हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं.

माहिती सुरक्षित राहते का? संस्थेचा कल राखण्याकडेच आहे; अर्ज करतानाच विचारतात, नाव प्रसिद्ध करायचं का, फोटो लावायचा का, कोणत्या सरकारला कळू द्यायचं नाही. प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर देता येतं, सरसकट ‘हो’ म्हणू नका. पण नोव्हेंबर २०२१मध्ये त्यांच्याच सर्व्हरवर घुसखोरी झाली, ती जानेवारी २०२२मध्ये लक्षात आली, आणि ५,१५,०००हून जास्त लोकांची माहिती उघडी पडली. त्यांत याच शोधसेवेतले लोक होते. संस्थेने ते लपवलं नाही, ही जमेची बाजू. तरी ज्याच्या घरच्यांना एखाद्या सरकारपासूनच धोका आहे त्याने हे माहीत असूनच सही करावी.

वेगाबद्दल सांगायचं तर महिने लागतात, कधी वर्षं. नायजेरियात समितीकडे २०१९मध्ये बेपत्तांच्या जवळपास २२,००० नोंदी होत्या आणि त्यांतले साठ टक्क्यांच्या आसपास हरवले तेव्हा अल्पवयीन होते. एवढ्या फायली आणि चालत जाऊन विचारणारी माणसं मोजकी. गंमत म्हणजे पद्धत फार बदललेली नाही. १९१४ साली, पहिल्या महायुद्धात, जिनिव्हात कार्डांचे खोकेच्या खोके लावून हेच काम चाललं होतं, आणि गणवेशातल्यांना सोडून साध्या नागरिकांना शोधणाऱ्या विभागात फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ पत्रं लिहीत बसत. आज कार्डांच्या जागी संगणक आला. तिकडे कुणीतरी अजूनही झोपडीझोपडीत विचारत फिरतंच.

तारे द्यायचेच तर पद्धतीला पाचपैकी साडेचार, वेगाला दोन, आणि फॉर्मला तीन, ‘अंकल’मुळे.

जाता जाता, फाइली इथल्या टोकालाच मरतात त्याचं कारण. विद्यार्थी सिम बदलतो, खोली बदलतो, डिग्री संपली की देश सोडतो, आणि दोन वर्षांनी रेंकहून निरोप येतो तेव्हा नंबर ‘अस्तित्वात नाही’. फाइल क्रमांक पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवायला सांगा. पत्ता, नंबर बदलला की त्या क्रमांकाचा हवाला देऊन कळवायचं, आणि तिकडच्या दुसऱ्या एका नातेवाइकाचा संपर्कही जोडून ठेवायचा. घरमालकाची तयारी असेल तर त्याचा नंबर ‘केअर ऑफ’ म्हणून देता येतो, कारण तो दहा वर्षांनीही दांडिया बाजारातच सापडणार. फक्त मग दुपारी झोपेच्या वेळी अनोळखी नंबरवरून फोन आला तर क्रेडिट कार्डवाला समजून कापायचा नाही.